विहिरीत मागूर, पोटात वाम

टपात हात घालताना मावशी टपाकडे बघायचीच नाय. बघायची गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. गढूळ पाण्यात वीस-पंचवीस जिते मासे वळवळतायत, त्यात हिचा हात कोपरापर्यंत, आणि ही तुमाला विचारतेय, "काय रं, आईचं गुडघं कसं हाय?" हात बाहेर यायचा तेव्हा त्यात बरोबर तोच मासा, जो तुमी मागितलेला. मागूर तर मागूर, वाम तर वाम. मासा पिशवीत टाकता टाकता तिचं ठरलेलं वाक्य यायचं.

"विहिरीत मागूर, पोटात वाम. उलटं केलंस तर मेलास!"

मी उलटं केलं. तेच सांगतो.

बोईसरच्या बाजारात माझी जागा तिच्या टपाला लागून. मी लिंबू, मिरची, कोथिंबीर, आलं, लसूण विकतो. समुद्राचे मासे विकणाऱ्या बायका पुढे शेडखाली बर्फ घेऊन बसतात. मावशी मागे, भिंतीला टेकून, एक निळा टप घेऊन. तिच्याकडे बर्फाचं काम नाय. नदीचे, तळ्याचे, कालव्याचे मासे, सगळे जिते. वाणगावच्या आतल्या बाजूने यायची. मला नावाने कधी हाक मारली नाय. "ए लिंबू!" बस. मीपण तिचं नाव विचारलं नाय. सगळा बाजार मावशी बोलायचा, मी काय वेगळं बोलणार?

आता माझं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझा बाप मराठवाड्यातून तारापूरच्या कारखान्यात आला. त्याला वाटलं पोरगा शिकेल, साहेब होईल. मी चौथीत तीन वर्षं काढली. शेवटी मास्तरच बदली घेऊन गेले. मग एका कारखान्यात हेल्पर लागलो, तर आठ दिवसांत सुपरवायझर बोलला, "भाऊ, तू एक काम कर, मदत करू नको." तेव्हापासून लिंबू. माशातल्या मला दोनच जाती माहीत होत्या: तळलेला आणि रश्शातला.

मावशीने मला तिसरी-चौथी शिकवली.

"बघ," ती बोलायची, "मागूर काळा, डोकं चपटं, तोंडाला आठ मिशा, दोन बाजूंना दोन काटे. हात चुकला की काटा मारतो, मग बस ठणकत. पण तळं आटलं तरी मरत नाय. चिखलात पडून राहील, नायतर काट्यांवर चालत दुसऱ्या तळ्यात जाईल. आणि वाम? लांबडी, सापासारखी. काटा मारत नाय, अंगाला अंग घासते, गोड वाटते. पण राख लावल्याशिवाय हातात ठरायची नाय."

"मग विहिरीत मागूरच का?"

"मागूर वर येऊन श्वास घेतो रं. थोड्या थोड्या वेळाने, टुपकन. घरच्याला दिसतं, पाण्यात जीव हाय. किडे-अळ्या खातो, पाणी साफ ठेवतो. वाम दगडाच्या फटीत शिरली की वर्षभर तोंड दाखवायची नाय. आणि चुकून बादलीत आली, तर साप साप करून बाईच विहिरीत पडायची. वामीच्या पोटात गाबोळी, अंड्यांची पिशवी, कधी बघितलीस?"

"मी कुणाच्याच पोटात नाय बघितली."

"चाळीस वर्षं वाम कापते मी, एकदा गाबोळी सापडली नाय. अंडी घालायला लांब समुद्रात जाते म्हणतात, आणि जाते ती जातेच. तिला काय घरची म्हणायची? तिला मसाला लावायचा आणि खायची."

तुमी पण बघितलं असेल, काही माणसांना सगळं जग दोन ढिगांत दिसतं. मावशीला मागूर आणि वाम असे दोन ढीग दिसायचे. चहावाला मागूर. पावती फाडायला येणारा माणूस वाम. तिचा जावई वाम, पण त्याची आई मागूर. कारखान्यातले बिहारी भय्ये यायचे, "चाची, मांगुर ताजा है ना?" तर ही बोलायची, "हात डाल के देखो, वो खुद बतायेगा." जो हात घालायचा तो मागूर. जो मागे सरायचा तो वाम.

एकदा मी विचारलं, "मावशी, मी काय?"

तिने जरा विचार केला. "तू बोंबील."

"तो तर समुद्राचा!"

"मग काय करू? तुला ना काटा, ना पकड. तळायला घेतला तर मोडतो."

आता माझी लिंबं यायची माकुणसारच्या एका वाडीतून. आठवड्यातून दोनदा मी सफाळ्याला उतरून टमटमने तिकडे जायचो. वाडीत दोनच माणसं, आजोबा आणि त्यांची नात. ती लिंबं मोजून द्यायची. मी मुद्दाम चुकीचं मोजायचो, म्हणजे ती परत मोजेल. खरं सांगायचं तर मुद्दाम करायची गरज नव्हती, माझं चुकायचंच. असं दीड वर्ष मोजणं झालं. मी चौतीसचा, ती तिशीची. एक दिवस तिनेच विचारलं, "तुमी लिंबं न्यायला येता का मोजायला?" मी घाबरून दोन गोणी जास्त घेतल्या.

मावशीने हे ओळखलं. गोणी बघून नाय, माझा आवाज ऐकून. स्वतः निरोप धाडला, बोलणं सुरू झालं. नात तयार होती. आजोबा अर्धे तयार. अर्धं अडलं ते इथे: "पोरगा घाटावरचा. त्याला पाण्यातलं, माशातलं काय कळतं?"

त्याच उन्हाळ्यात आजोबांनी विहीर उपसली होती. गाळ काढताना जुना मागूर घमेल्यात ठेवला, तो मांजराने नेला. नवीन मासा सोडल्याशिवाय ते विहिरीचं पाणी पिणार नव्हते, शेजारून आणत होते. मी छाती पुढे काढून बोललो, "आजोबा, मासा मी आणतो!"

बोललो आणि बसलो.

मावशीने दोन मासे काढून दिले. रंगाच्या रिकाम्या बादलीत झाकण लावून विहिरीसाठी मागूर. ओल्या गोणपाटात वेगळी बांधून वाम, आजोबांच्या जेवणासाठी. "दोघांना एकत्र करू नको," ती बोलली. मी सफाळ्यापर्यंत ऐकलं. टमटममध्ये दोन हातांत दोन मासे, घाम पुसायचा कशाने? म्हणून वाम पण बादलीत टाकली. अक्कल वापरली. माझी अक्कल वापरात नसते तेच बरं असतं.

वाडीत पोचलो. आजोबा खूश. विहिरीत मासा सोडायचा तर आधी हळदकुंकू, नारळ. ते आणायला आजोबा घरात गेले. मी बादली विहिरीच्या बुटक्या कठड्यावर ठेवली. मनात आलं, आजोबा यायच्या आत मागूर हातात धरून उभं राहावं. मावशीसारखं. टपाकडे न बघता.

घातला हात.

अंगठ्याला जे काय झालं ते मी इथे सांगत नाय, कारण तेव्हा मी जे बोललो ते छापता येणार नाय. हात वर, पाय बादलीला, बादली आडवी. अर्धं पाणी विहिरीत गेलं, आणि त्या पाण्याबरोबर वाम पण गेली, सरळ, आरामात, माहेरी गेल्यासारखी. मागूर पडला अंगणात. पडला तो पडून राहिला का? उठला. काट्यांवर डुलत डुलत स्वयंपाकघराच्या दाराकडे चालायला लागला.

आजोबा नारळ घेऊन बाहेर. "सोडला?"

"सोडला," मी बोललो. सोडलं तर होतंच काहीतरी.

"अरे, नारळ फोडायच्या आधी?"

"तोच घाईत होता, आजोबा."

तेवढ्यात आतून तिचा आवाज. "आजोबा, हा मागूर दारात आलाय!"

"दुसरा हाय तो!" मी ओरडलो. "दोन आणलेले. एक विहिरीत, एक जेवणाला!"

आणि मग, मंडळी, मी तांदळाच्या तीन भाकऱ्यांबरोबर विहिरीचा मासा खाल्ला. मावशीचं वाक्य आठवत होतं. रस्सा चांगला झाला होता, हे सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवसापासून आजोबा चहाचा कप घेऊन कठड्यावर बसायला लागले, मागूर वर यायची वाट बघत. चौथ्या दिवशी फोन आला.

"लिंबूवाले, मासा वर येत नाय."

"लाजतो, आजोबा. नवीन घर हाय."

"किती दिवस लाजेल?"

"मी चौतीस वर्षं लाजतोय."

ते हसले नाय. आठव्या दिवशी परत फोन. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "मी दिवसभर बसतोय. एक बुडबुडा नाय. तुमी सोडला तो मेला, नायतर पाणीच मेलंय. मासा दिसल्याशिवाय साखरपुडा नाय. असल्या पाण्याने पोरीला हळद लावायची नाय मला. आणि तोवर लिंबं पण दुसरीकडून घ्या."

पोरगी गेली, लिंबं गेली. उरली मिरची.

मी मावशीला सगळं सांगितलं. ती हसायला लागली. टपाची कड धरून हसली, पदर तोंडात कोंबून हसली, मागूरसुद्धा वर येऊन बघून गेले. मग एकदम थांबली.

"खायला कसा झालेला?"

"चांगला."

"नालायका," ती बोलली आणि टपावर फळी टाकली. माझ्या अकरा वर्षांत मी पहिल्यांदा तिला बाजाराच्या दिवशी टप झाकताना बघितलं. ओल्या फडक्यात एक मागूर गुंडाळला, पिशवीत घातला आणि बोलली, "चल. हात दे, रस्ता नवीन हाय."

मी रस्त्यात बेत केला. मावशीने आजोबांना गप्पांत गुंतवायचं, मी मागून हळूच मागूर सोडायचा, मग ओरडायचं, "आला, आला!" ती प्रत्येक वाक्याला "हा, हा" बोलत होती. मला वाटलं पटलं.

वाडीत गेलो. आजोबा कठड्यावर बसलेले. मावशी हाताने कठडा चाचपत चाचपत त्यांच्याजवळ गेली आणि उभ्या उभ्याच बोलली,

"बाबा, तुमच्या विहिरीत वाम हाय. चूक माझी. या पोराने मागूर मागितला, मी वाम दिली. डोळ्यांना दिसत नाय आता."

मी गार.

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "किती वर्षं मासे विकतेस?"

"चाळीस."

"आणि मागूर-वाम कळली नाय?"

"नाय कळली."

मान खाली घालून बोलली. जिला सगळा बाजार विचारायला यायचा, ती. आणि मी? मी अंगठ्याकडे बघत होतो. सूज उतरली का, ते बघत होतो. बोंबील बोलली होती ना, तो हाच.

मावशीने फडकं सोडून मागूर आजोबांच्या हातात दिला. "याला तुमीच सोडा. नारळ आधी." नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, मासा सोडला. आमी सगळे कठड्यावर वाकून बसलो. किती वेळ झाला कुणास ठाऊक. मग खाली काळ्या पाण्यात एक तोंड वर आलं, मिशांसकट. टुप. गेलं.

आजोबा पहिल्यांदा हसले. "नात घेऊन जा," असं नाय बोलले, "चहा ठेव गं," असं बोलले. पण त्या घरात त्याचा अर्थ तोच होता.

चहा देताना ती माझ्या कानाशी बोलली, "मी खिडकीतून बघत होते."

"काय?"

"तुमी. बादली. लाथ. लांबडी वाम."

"मग आठ दिवस बोललीस का नाय?"

"बघत होते, तुमी किती दिवस लाजता." मग तिचा चेहरा बदलला. "आता तरी नाय लाजलात तर बरं. म्हातारी तुमच्यासाठी मान खाली घालून बसलीय."

हे सगळं लिहून घेणारी तीच हाय. इथे तिने दोनदा खाली रेघ मारलीय.

बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागतो का? दुसऱ्या दिवशी चहावाला, "मावशी, हा मागूर का वाम का माझी किटली?" भय्ये पण, "चाची, देख के देना, सांप मत देना!" ती सगळ्यांबरोबर हसायची. पण गिऱ्हाइकं हातातला मासा उलटसुलट करून बघायला लागली. चाळीस वर्षांत कुणी तिचा मासा तपासला नव्हता. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाय. लिंबाच्या क्रेटवर चढलो आणि ओरडलो,

"ए, ऐका सगळे! वाम मी सोडली! मावशीने बरोबर दिलेलं! मी गाढव हाय!"

मग पुढच्या शेडमधली एक मासेवाली बोलली, "बघा गं, म्हातारीला वाचवायला किती खोटं बोलतो! चांगला हाय पोरगा."

अख्खा जन्म खोटं बोललो तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला. एकदा खरं बोललो तर कुणी ठेवेना. आजोबांना सांगितलं, त्यांचे डोळे भरले. "म्हातारीचा दोष अंगावर घेतो," ते बोलले आणि साखरपुड्याची तारीख आठ दिवस अलीकडे आणली. पण त्या दिवशी मी क्रेटवरून उतरलो तेव्हा मावशी टपात हात घालून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"गप बस रं, बोंबला," ती बोलली. पण आवाज ओला होता.

लग्न झालं. बायको एक दिवस बाजारात माझ्याबरोबर बसली. तासाभराने हळूच बोलली, "मावशीला दिसत नाय."

"छ्या! अगं, ती तिची पद्धत हाय. टपाकडे न बघता—"

"टपाकडे नाय, कुठेच बघत नाय. आमच्याकडे कठडा चाचपत आली होती, आठवतं? तोंडाकडे बघते असं वाटतं, पण ती आवाजाकडे बघते." तिने एक लिंबू उचललं आणि काही न बोलता मावशीच्या नाकासमोर धरलं. मावशी समोरच्या गिऱ्हाइकाला त्याच्या आईचं गुडघं विचारत राहिली.

अकरा वर्षं मी शेजारी बसलो. नोटा मला दाखवायची, "बघ रं, किती हाय," मला वाटायचं मान देते. "हात दे, रस्ता नवीन हाय," बोलली, मला वाटलं दमली. म्हणजे आजोबांपुढे ती बोलली त्यातलं अर्धं खरं होतं. दिसत नव्हतंच तिला. पण मागूर आणि वाम तिच्या बोटांनी कधी चुकवली नव्हती. जे चुकलं नव्हतं ते तिने चुकलं म्हणून सांगितलं, आणि जे लपवत होती ते माझ्यासाठी चारचौघांत उघडं केलं.

मोतीबिंदू होता. बायकोने मागे लागून एका शिबिरात नेलं, ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी मावशी काळा चष्मा घालून बाजारात आली. माझ्यासमोर उभी राहिली, चष्मा वर केला.

"कोण तू?"

"मी लिंबू, मावशी."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. परत वर. "असा दिसतोस?"

"असाच."

"अरे देवा! आवाजावरून बरा वाटलास रं. आधी दिसलं असतं तर त्या पोरीला सांगितलं असतं." आणि मग टपाची कड धरून हसली, पदर तोंडात कोंबून हसली.

एक गंमत झाली. दिसायला लागलं तशी ती टपात बघून हात घालायला लागली, आणि तिला काटे लागायला लागले. आठवड्यात तीन काटे. वैतागून तिने परत गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. "डोळे काय," ती बोलली, "तुझं तोंड बघायला ठेवलेत. तेवढी शिक्षा पुरे."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. चार दिवस टप झाकलेला राहिला, पाचव्या दिवशी तिची मुलगी आली आणि टप मला देऊन गेली. आता मी त्यात कोथिंबीर ठेवतो. अजून भय्ये येतात, "चाची नहीं आयी?" मी "नहीं" बोलतो आणि त्यांना चार मिरच्या जास्त देतो. धंदा कसा चालतो मला विचारू नका.

या उन्हाळ्यात आजोबा बोलले, विहीर परत उपसू. पाणी गुडघ्यावर आलं होतं. आधी मासे बाहेर काढायचे, मगच पंप लावायचा. आत उतरायला सगळ्यात बिनकामाचा माणूस पाहिजे होता, म्हणून मी. बायको वर दोर धरून उभी. तिने या वेळी मांजराला कोंडून ठेवलं होतं आणि घमेल्यावर परात ठेवली होती. आजोबा कठड्यावर चहा घेऊन.

मागूर लगेच सापडला. म्हणजे त्यालाच मी सापडलो. तोच अंगठा. मी जे बोललो ते आजोबांनी ऐकलं आणि चहा बाजूला ठेवला.

घमेलं वर गेलं. "झालं?" बायको वरून बोलली.

वाम इतक्या दिवसांत कुणी बघितली नव्हती. आजोबा तर बोलायचे, ती कधीच गेली असेल, वाम राहते होय? पण मी हात परत पाण्यात घातला. दगडांच्या फटीजवळ, कोपरापर्यंत. खाली बघितलं नाय. तसंही गढूळ होतं. वर बघत राहिलो, बायकोच्या तोंडाकडे. ती उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. काहीतरी विचारावं म्हणून मी विचारलं,

"काय गं, आजोबांचं गुडघं कसं हाय?"

ती हसायला लागली. आणि फटीतून काहीतरी लांब, गार, गुळगुळीत, माझ्या बोटांना घासून, मनगटाला वळसा घालून परत आत गेलं. काटा लागला नाय.

"हाय!" मी ओरडलो. "वाम हाय!"

"बघितलीत?"

"नाय."